पाच दाबणारा अंगठा

गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या खोलीत फोन न्यायला बंदी. शिफ्ट सुरू झाली की सगळ्यांचे फोन सुपरवायझरच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये, त्याचा स्वतःचाही. आणि नेमका त्यानंतरच कंपनीचा रोजचा मेसेज यायचा : ‘सुप्रभात! आज तुमचं मन कसं आहे? एक ते पाच.’ एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे झकास. एक कळवणाऱ्याला त्याच दिवशी समुपदेशक बाई भेटायच्या. शिवाय सगळ्यात आनंदी खात्याला दर महिन्याला ढाल.

ढाल पॅकिंगकडून हलत नव्हती. फोनचं कुलूप न उघडताही उत्तर जातं, आणि सुपरवायझरचा अंगठा भलताच चपळ. गोळ्यांच्या पट्ट्या तपासाव्यात तसा तो ओळीने पाच दाबत जायचा.

लेबलं तपासणाऱ्या बाईची धाकटी बहीण गेली, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. लेबलावरची अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागायची. एखादं चुकीचं लेबल सुटलं, तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं. शेवटी ती ऑफिसात गेली.

“समुपदेशन? तुम्हाला?” क्लार्क हसला. “अहो ताई, काय सुंदर आलेख आहे तुमचा!”

“मला कामावर बहिणीची बातमी आली, त्या दिवशी काय दिसतंय?”

त्याने पाहिलं. “पाच.”

तिने सुपरवायझरला गाठलं. तो म्हणाला, “एकीच्या रडगाण्यापायी खात्याची अब्रू घालवू?”

दुसऱ्या दिवशी मेसेज आला तेव्हा तो मशीन सुरू करायला वळला होता. तिने आपल्या फोनवर एक दाबला. मग हातासरशी त्याच्याही.

समुपदेशक बाई आल्या. मानाप्रमाणे आधी सुपरवायझर साहेब.

“मला काय धाड भरलीय?” साहेब गरजले.

“बसा तर. झोप लागते का?”

दार बंद झालं. ती बाहेर बाकावर बसली. आतून आधी ढालीचं कौतुक ऐकू आलं. मग नाक शिंकरल्याचा आवाज. जेवणाची घंटा झाली तरी दार उघडेना.

अखेर तो बाहेर आला, डोळे लालबुंद. “डोळ्यांत काहीतरी गेलं, ताई.”

“माझ्याही गेलंय, साहेब. कधीचंच,” म्हणत ती आत गेली.

त्या महिन्यात ढाल गोदामाकडे गेली. तिथल्या सुपरवायझरचे म्हणे दोन्ही अंगठे चालतात.