काचेवरचं कुंकू

मी काचेत नाल्या कोरते. हसू नका. केसाहून बारीक नाल्या आम्लानं खोदायच्या, वर दुसरी काच ठेवून भट्टीत दोन्ही एकजीव करायच्या. मग रक्ताचा एक थेंब त्यातून सरकतो आन् आजार ओळखता येतो. पण दोन काचांमध्ये जरा जरी घाण राहिली तर नाली गळते. खेळ खल्लास!

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात एकच कायमची जागा निघाली होती. उमेदवार दोघं: मी, आन् विभागप्रमुख गुरुसिद्धप्पा सरांचा भाचा बसवेश. दसरा झाला की पुण्याचे तज्ज्ञ येणार, ज्याची काच चांगली त्याची नेमणूक. बसवेशची कायम गळायची. माझी कोरून, धुऊन डबीत झाकलेली होती, फक्त जोडायची राहिली होती.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. सरांनी यंदा तेर गावाहून माझ्या आईला, सारजाबाईला, बोलावून घेतलं. तिला उभ्या जन्मात कुणी खुर्ची दिली न्हाय, सरांनी दिली. मला लई भरून आलं. त्यांनी मला नारळ आणायला पिटाळलं, मी खुशीत गेले.

परत आले तर माझी डबी उघडी, आन् आई ओल्या हळदीचं बोट काचेवर टेकवत होती. वर कुंकू.

"आई!" मी किंचाळले.

"आगं, सरांनीच झाकण काढून दिलं. म्हनले, लेकीच्या कामाला आईचा हात लागू द्या."

बसवेशच्या डबीलाही हळद होती. बंद झाकणावर. मुडदा बसवला त्या सराचा, त्याला माझ्या आईचंच बोट सापडलं!

धू धू धुतली. नाल्यांत बसलेलं कुंकू निघालं न्हाय, नवी कोरायला वेळ न्हवता. तज्ज्ञांसमोर माझी काच भळाभळा गळली. बसवेशची थोडीच. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "शिवकन्या, स्वच्छता पाळावी लागते."

तेरला गेले. नोकरी मिळाली न्हाय म्हटल्यावर आई तडक उठली, लुगडं सारखं करू लागली.

"चल, म्या सरांच्या पाया पडते. मला एवढा मान दिला त्यांनी, न्हाय म्हननार न्हाईत."

खरं ओठावर आलं होतं. तिच्या बोटाकडं बघितलं आन् गिळलं.

"जागाच रद्द झाली आई," मी म्हणाले.

"व्हय? मग त्यांचाबी इलाज न्हाय," ती खाली बसली. "किती वाईट वाटलं आसंल बिचाऱ्यास्नी!"