आठवं आढं

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं अजून तळ्याच्या बांधावर चढली नव्हती तोवर आप्पाजीनं बेटातला चांगला पंधरा हाती बांबू तोडून आणला आणि अंगणात असा आपटला, की गंगव्वाच्या हातातलं दुधाचं भांडं धाडकन खाली गेलं.

"हे आठवं!" गंगव्वा कडाडली. "बेट सपलं, दूध सपलं, माझी हाडं बी सपत आली. तुमचं याड काय सपंना!"

"दूध सांडलं ते बरं झालं. शकुन हाय."

"गेल्या साली बी शकुनच सांडला व्हता. येताना चार दात कमी घिऊन आलासा."

"तीन."

"चौथा भाकरीत गावला मला."

आप्पाजीनं जिभेनं हिरडी चाचपली आणि तो बांबूची पेरं तासू लागला.

हेब्बाळ तेव्हा बेंगळूरच्या बाहेरचं, तळ्याकाठचं गाव होतं. नवलकोल, मुळे आणि काळी द्राक्षं पिकवावीत, गाडीत भरून शहरात विकावीत आणि वर्षातून एकदा मारतहळ्ळीशी फुटबॉल खेळावा, एवढंच गावाला ठाऊक. खेळ अनवाणी. रीत अशी, की दोन्ही गावांनी आपापल्या गोलाच्या खांबांवरचा आडवा बांबू घरून न्यायचा. त्याला आढं म्हणत. जो जिंकेल त्यानं हरलेल्याचं आढं उपटून आपल्या गावी न्यायचं, आणि पुढचा सामना जिंकणाऱ्याच्या गावात. म्हणजे हरलेल्यानं पुढच्या साली पुन्हा नवं आढं खांद्यावर घेऊन पाच कोस चालत जायचं आणि मार खायला उभं राहायचं.

एक्कावन्नपासून सलग चार वर्षं हेब्बाळ जिंकलं. मारतहळ्ळीची चार आढी मारुतीच्या देवळामागं खुंट्यांवर ठेवली होती. आप्पाजी स्वतः कधी चेंडूला पाय लावायचा नाही. पण त्या चार वर्षांत तो रस्त्यानं असा चालायचा, जणू चारी सामने त्यानं एकट्यानं मारले होते. मग शहराच्या बाजूला कारखाने उठले. कारखान्यांना लेथवर जशी माणसं लागत, तशी त्यांच्या संघातही लागत. हेब्बाळचे पाच गडी बूट आणि पगार बघून निघून गेले. त्याच पावसाळ्यात वाळवीनं खुंट्यांवरची चारही आढी खाल्ली. उरलेल्या संघात एक दमेकरी ढोलवाला होता, एक द्राक्षं राखणारा आणि पुढं गोल मारायला गुंडू गवळी. सात वर्षांत गुंडूनं मारलेला चेंडू कावळ्याला लागला, गाभण म्हशीला लागला, एकदा तर बांधावरनं चाललेल्या लग्नाच्या सनईत अडकला आणि वाजला. गोलात तेवढा गेला नाही.

गाव हळूहळू कंटाळलं. आप्पाजी नाही. बायको कजाग निघाली म्हणून कुणी दुसऱ्याच्या घरात जेवायला जातं का, असं तो म्हणायचा. अर्थात गंगव्वा जवळ नसताना.

आणि भोग बघा, आप्पाजीची एकुलती लेक कमला दिली ती मारतहळ्ळीतच. जावई परसू म्हणजे त्या गावाचा गोलकीपर. परसूचा बाप येसाजी ढोरांची आणि माणसांची मोडलेली हाडं बसवायचा. सामन्याच्या दिवशी त्याच्या दाराला जत्रा लागायची.

लग्नानंतरचा पहिला सामना अठ्ठावन्नचा. गुंडूचा एकुलता एक सरळ गेलेला चेंडू परसूनं एका हातानं झेलला आणि सासऱ्याकडं बघून हसला, "मामा, दर साली असंच एक आढं आणा. गोठा स्वल्प ऱ्हायलाय शाकारायचा."

आप्पाजीनं जावयाच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की तो आवाज पलीकडच्या व्हाइटफील्ड वसाहतीतल्या गोऱ्या पेन्शनरांनी ऐकला आणि लढाई पुन्हा सुरू झाली समजून बंदुका पुसायला घेतल्या. दोन तास मारामारी चालली. पंचाला उचलून तळ्यात फेकलं. तेव्हापासून पंच चिंचेच्या झाडावर बसून शिट्टी मारायचा आणि अंधार पडल्याशिवाय खाली उतरायचा नाही. त्या गदारोळात आप्पाजी रक्त थुंकत म्हणाला, "हेब्बाळ जितल्याबिगर तुमच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. लावला तर मोडून पडंल!"

येसाजी म्हणाला, "सरी, ठरलं! आन बाप न्यायला आल्याबिगर आमची सून बी माहेरला जायची न्हाई."

चार वर्षं झाली. कमलाला मुलगी झाली, ती रांगली, चालायला लागली. आजोळानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. नवऱ्याला मागं ठेवून गंगव्वा एकटी व्याह्याच्या दारात कशी जाणार?

म्हणून त्या सकाळी आप्पाजीनं आढं खांद्यावर घेतलं तेव्हा ती दारात आडवी झाली. "ऐकून ठेवा. आज हारून आलासा तर ह्या बी उंबऱ्याला पाय लावू नगा. दोन्ही घरं बंद. तळ्यात ऱ्हावा बगळ्यांसंगं."

मारतहळ्ळीचं मैदान म्हणजे कापलेल्या नाचणीचं रान. खुंट सुकून सुईसारखे झालेले. दहा मिनिटांत दोन्ही संघांचे पाय रक्तानं भरले. तांबड्या मातीचा धुरळा असा उठला, की चेंडू कुठं आहे ते किंकाळीवरनं ओळखायचं. ढोलवाल्यानं मारतहळ्ळीच्या एका गड्याच्या पोटात डोकं घातलं. त्या गड्यानं ढोलवाल्याचा कान चावला. कान अर्धा गेला. ढोलवाला नंतर आयुष्यभर सांगायचा, की त्या कानानं त्याला जास्त ऐकू येतं. द्राक्षं राखणाऱ्यानं ढोपरानं दोघांची नाकं फोडली आणि तिसऱ्यानं त्याचं. कडेला लोक उसाच्या दांड्यांनी एकमेकांना झोडत होते, दांडा मोडला की तोच सोलून खात होते. झाडावरचा पंच शिट्टी मारून मारून निळा पडला.

आप्पाजी मात्र अजून मारामारीत नव्हता. परसूच्या गोलामागं उकिडवा बसून तो जावयाच्या पायांकडं टक लावून होता. सात वर्षं हेच केलं होतं त्यानं. परसूची एक सवय त्याला पाठ झाली होती: चेंडू अडवायचा झाला की परसू आधी उजव्या पायाचा अंगठा मातीत रुतवायचा. अंगठा रुतला की चेंडू मेला. सात वर्षांत त्यात फरक पडला नव्हता.

सामना संपत आला तरी गोल कुणाचाच नाही. तेवढ्यात धुरळ्यातनं गुंडू बाहेर आला. एक डोळा सुजून मिटलेला, धोतर फाटलेलं. त्यानं पाय उचलला आणि मारला. चेंडू अर्धा लागला नि अर्धा नाही. एखादी म्हातारी दुपारची देवळाकडं निघावी तसा तो ठेचकाळत, थांबत गोलाकडं निघाला.

आप्पाजीनं अंगठ्याकडं पाहिलं.

अंगठा रुतला नाही. परसू उजवीकडं पडला. चेंडू डावीकडनं आत गेला, आणि दमून थांबला.

हेब्बाळची माणसं आधी गप्पच राहिली. गोल झाला की काय करतात ते ती विसरली होती. मग एकदम आरोळी उठली. कुणी रडलं, कुणी पागोटी फेकली, दोघा-चौघांनी मारतहळ्ळीचं आढं खांबांवरनं उपटलं. गुंडू भुईला डोकं टेकून हमसत होता.

आप्पाजी जावयाच्या छाताडावर जाऊन बसला होता.

"सोडलास! मुद्दाम सोडलास!"

"मामा, गप् बसा," परसू दबक्या आवाजात म्हणाला. "कमळी दारात हुबी हाय. पोरगीला नवा परकर घातलाय. चला घरला."

आप्पाजीचा हात वर गेला होता तो तसाच राहिला. लेक दारात उभी होती, पाच शेतांपलीकडं. आता नुसतं उठायचं, अंगरखा झाडायचा आणि चालत जायचं. कुणालाही काही कळलं नसतं.

पण सात वर्षं त्यानं खरे खरे दात पाडून घेतले होते. भीक म्हणून मिळालेला गोल त्याच्या घशाखाली जाईना.

त्यानं जावयाला एक मुस्काटात दिली, उभा राहिला आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडला, "ह्यो गोल न्हाई! ह्येनं सोडलाय! आमी जितलो न्हाई!"

मारतहळ्ळीच्या माणसांना एवढंच दिसलं, की जिंकूनही हा म्हातारा आमच्या गड्याला मारतोय. ती लाठ्या घेऊन धावली. हेब्बाळच्या माणसांना एवढंच ऐकू आलं, की आठ वर्षांनी झालेला गोल आपलाच माणूस पुसतोय. तीही धावली. त्या दिवशी दोन्ही गावं पहिल्यांदा एकजुटीनं लढली, आणि मधे आप्पाजी एकटा होता. पाठीवर, खांद्यांवर, डोक्यात पडत होतं. कपाळातनं रक्त डोळ्यांत उतरलं तरी तो ओरडतच होता, "अंगठा! अंगठा बगा त्येचा!"

तेव्हा गुंडू आला. त्याच्या हातात मारतहळ्ळीचं उपटलेलं आढं होतं.

"अण्णा," तो रडत म्हणाला, "जल्मात एकच केला रं मी. एकच. व्हय म्हण."

"न्हाई म्हंतो!"

गुंडूनं आढं फिरवलं. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. आढं मधोमध चिरलं आणि आप्पाजीचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला. आढं हातातनं टाकून गुंडूच पहिला खाली बसला आणि आप्पाजीचं डोकं मांडीवर घेऊन बोंबलू लागला.

हाडं बसवणारा पाच शेतांवर होता. परसूनं आणि गुंडूनं चिरलेल्या आढ्याला घोंगडी बांधली, झोळी केली आणि आप्पाजीला उचललं. येसाजीच्या दाराशी आल्यावर त्यानं डोळे उघडले. "थांबा! उंबरा! माजी आन हाय!"

येसाजी बाहेर आला. त्यानं लोंबता पाय पाहिला, मग उंबरा पाहिला. "पावणं, मोडून पडंल म्हनला व्हतासा ना? ते आदीच झालं. आता कशाला भ्यायचं? घ्या रं आत."

गोठ्यात कडब्यावर त्याला निजवलं. येसाजीनं त्याच्या तोंडात दोरखंडाचा तुकडा दिला, मांडीवर स्वतः बसला आणि परसूला म्हणाला, "वड." परसूनं ओढलं. आप्पाजीच्या किंकाळीनं गोठ्यातल्या तीन म्हशी आटल्या आणि शेजारची वांझ गाय गाभण राहिली, असं मारतहळ्ळीत अजून सांगतात. हाड जागेवर बसलं. आता आवळून बांधायला कामट्या पाहिजेत. येसाजीनं इकडं तिकडं पाहिलं, झोळीचं चिरलेलं आढं पुढं ओढलं, कोयत्यानं उभं फाडलं, चार सरळ कामट्या तासल्या आणि अंड्याच्या बलकात भिजवलेल्या फडक्यानं पायाला करकचून बांधल्या.

आप्पाजी शुद्धीवर आला तेव्हा वर गोठ्याचं छप्पर होतं. छपराला सात बांबू. सातही त्यानं स्वतः तासलेले. प्रत्येकाची पेरं तो ओळखत होता. त्याच्या सात पराभवांखाली येसाजीच्या म्हशी निवांत रवंथ करत होत्या.

"आप्पा," कमला उशाशी बसली होती. तिच्या मांडीवरची पोर आजोबाच्या तोंडात बोट घालून दात शोधत होती. "गोल मान्य केला असतासा, तर चालत आला असतासा की वो."

"खोटा व्हता गं."

"मला म्हाईत हाय. मीच सांगितलं व्हतं त्येस्नी सोडा म्हनून."

आप्पाजीनं नातीचं बोट तोंडातनं हळूच काढलं. मग म्हणाला, "पुडच्या साली सांगू नगंस. न्हाईतर दुसरा पाय हाय अजून."

दीड महिन्यानं येसाजीनं स्वतःची गाडी जुंपली. गाडीत आप्पाजी, कमला, नात आणि न्यायला आलेली गंगव्वा. वाटभर ती नवऱ्याला शिव्या देत होती आणि नातीचे मुके घेत होती. कोणतं कुणासाठी याची गल्लत एकदाही झाली नाही. हेब्बाळच्या मारुतीपुढं गाव जमलं होतं. आठ वर्षं रिकाम्या खुंट्या देवळामागं तशाच होत्या. मारतहळ्ळीचं आढं मोडून गेलं, खुंटीवर ठेवायला काहीच नाही, म्हणून सगळ्यांची तोंडं उतरलेली. गुंडू मान खाली घालून पुढं आला.

"अण्णा, पाय मोडला ते मोडला. पर आता तरी सांग. गोल व्हता का न्हाई?"

आप्पाजीनं धोतर वर केलं. डाव्या पायाला तेला-हळदीनं काळ्या पिवळ्या पडलेल्या चार कामट्या होत्या. एकीच्या टोकाला मारतहळ्ळीनं आढ्याला लावलेल्या चुन्याचा पट्टा अजून दिसत होता. गावानं तो ओळखला आणि कुजबूज उठली. आप्पाजीनं स्वतःच फडकी सोडली, दात नसलेल्या तोंडानं कण्हत कामट्या एकेक करून उपसल्या आणि गुंडूच्या हातात दिल्या.

"गोल न्हवता," तो म्हणाला. "पर ह्या आढ्यानं पाय खरा मोडलाय. टांग खुंटीवर."