मोटरवरची डबी

गव्हाच्या पहिल्या पाण्याचा दिवस होता. काळ्या मातीत पोटरीपर्यंत रुतून अहल्याबाई वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरत होती आणि सून मुक्ता मोटरीपाशी उभी होती. मुलगा अनिल रतलामला रेल्वेत होता, तेव्हा शेतात ह्या दोघीच. बांधाशी पांढरी गाडी येऊन थांबली. उतरलेल्या माणसाचे बूट स्वच्छ होते.

"पानी अच्छा है माताजी," तो हसून म्हणाला. "दो सौ चालीस फुट पे है ना? जेठ में भी तीन घंटे चलती है आपकी मोटर."

अहल्याबाईचं फावडं जागीच थांबलं. जेठाच्या उन्हाळ्यातही बोअर आटत नाही, हे तिनं भावकीलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

"पानी की फैक्टरी डालनी है. जमीन का सोच लो. और मंगल को तो आप दोनों होती नहीं यहाँ. हमारे आदमी मंगल को आके नाप लेंगे, आपको तकलीफ नहीं."

गाडी गेली. वाफा भरून पाणी बांधावरनं वाहायला लागलं तरी बाई हलली नाही. दर मंगळवारी दोघी मंगळनाथाच्या देवळात जायच्या, हे ह्याला कुणी सांगितलं?

"आत्याबाई," मुक्ता धावत आली, तिचे ओठ पांढरे पडले होते, "हा आपल्यावर पाळत ठेवून होता काय हो?"

दोघींनी भरदुपारी कडबा हलवून पाहिला, नाल्यात डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. मग मुक्ताची नजर मोटरीच्या खोक्यावर गेली. तिथं हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ही डबी! मोटर कधी चालू, कधी बंद, मंगळवारी बंदच असते तेही, पाणी किती खोल, सगळं हिच्यात जातं."

दोन वर्षांमागं शहरात फ्रीगंज भागातल्या एका कंपनीच्या आल्हादनं ती डबी फुकट लावून दिली होती. गावातल्याच मास्तरांचा पोरगा. पाणी कधी द्यावं ते फोनवर कळेल म्हणाला, आणि कळतही होतं. सोबत एक रंगीत कागद दिला होता. अहल्याबाईनं तो ट्रंकेतनं काढला. त्यावर छापलं होतं: खेत की जानकारी किसान की है. किसान से पूछे बिना किसी को नहीं देंगे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दोघी शहरात देवास गेटच्या बसस्टँडवर उतरल्या आणि टेंपोनं फ्रीगंज गाठलं. वाटेत मागं कुठली पांढरी गाडी दिसली की मुक्ता पदर ओढून घ्यायची.

कंपनीच्या ऑफिसात आल्हादनं कागद पाहिला आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, हे कंपनीनं आपल्या मनानं कबूल केलंय. असे नियम बऱ्याच कंपन्यांनी मिळून केलेत. पण मोडले म्हणून कुणी दंड करत नाही."

"म्हणजे मन झालं तर पाळायचे?"

त्यानं कागद अहल्याबाईकडं परत सरकवला.

"आल्हाद, आमच्या खाटेवर बसून तू हा कागद वाचून दाखवला होतास. मी कंपनी ओळखत नाही रे, तुला ओळखते. मंगळवार जवळ आलाय. दोघी बायका आहोत आम्ही. त्याला ठाऊक आहे आम्ही कधी घरात नसतो ते." तिनं कागद पुन्हा त्याच्यापुढं ढकलला. "मला रात्रभर झोप नाही."

आल्हादनं कपाळाचा घाम पुसला. "माझी नोकरी जाईल मावशी." मग त्यानंच कागदाच्या तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "हे बघा. जानकारी कुणाकुणाला दिली, ते शेतकरी लिहून विचारू शकतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. आजवर कुणी विचारलंच नाही."

मुक्तानं तिथंच अर्ज लिहिला. सही करताना अहल्याबाईचा हात एवढा कापला की नाव दोन ओळींत गेलं. आल्हादनं ठप्पा मारून पोच दिली.

गावात ती पोच घेऊन अहल्याबाई दारोदार गेली. जेठातल्या पाण्याची गोष्ट तिनं आपल्या तोंडानं सांगून टाकली. लपवायला आता राहिलं तरी काय होतं! ऐकून शेजारच्या शेताच्या अरविंद पाटलांचा चेहरा उतरला.

"माझ्या मोटरीवर पण आहे ती डबी," ते म्हणाले. "मंगळवारी कोण येतं ते बघू."

मंगळवारी अहल्याबाईच्या बांधावर अकरा घरची माणसं बसली. दहाच्या सुमारास पांढरी गाडी आली, वळणावर थांबली. तिच्या काचा काळ्या होत्या. आत किती जण आहेत ते दिसेना. अहल्याबाईनं मुक्ताचं मनगट घट्ट धरलं. गाडी बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभी राहिली, मग मागच्या मागं निघून गेली.

अर्ज दिल्यापासून बाराव्या दिवशी टपालानं उत्तर आलं. मुक्तानं अंगणात वाचून दाखवलं. जानकारी चुकून तीन संस्थांना गेली, खेद आहे, आमच्याकडची पुसून टाकली आहे. पहिलं नाव पाण्याच्या कारखान्याचं होतं. बाकीची दोन नावं कुणाच्याच ओळखीची नव्हती.

"हे दोघं कोण?" अहल्याबाईनं विचारलं.

"ठाऊक नाही."

"त्यांच्याकडचं पुसलं?"

"ते काही लिहिलं नाही, आत्याबाई."

अहल्याबाई पायरीवर बसली. पहिला निदान समोर येऊन उभा तरी राहिला होता. हे दोघं कुठं बसून काय वाचत असतील, कधी येतील, कुठल्या वाटेनं येतील? अरविंद पाटील आणि बाकीची मंडळी कंपनीला द्यायचे आपापले अर्ज हातात घेऊन ताटकळत उभी होती.

"कोरा कागद आण," ती मुक्ताला म्हणाली.

"काय लिहू?"

"लिही, तुम्ही त्या दोघांना दिलं, आता त्या दोघांनी पुढं कुणाला दिलं ते सांगा. खाली सहीला जागा जास्त सोड. माझा हात कापतो."