बापाची कात्री आणि एकवीस किलोमीटर

थोरल्या शिंप्यानं जन्मात दोनच माणसांना शिव्या घातल्या नाहीत. एक त्याचा बाप, आणि दुसरा विमानात मधल्या सीटवर सापडलेला तो परका गृहस्थ. बाकी कुणाला सोडलं नव्हतं, आणि धाकट्या भावाला तर रोज दोन्ही वेळेला.

त्या गृहस्थाची खरंच कीव करावी. खिडकीशी थोरला, वाटेशी धाकटा. तिकिटं ताईनं काढलेली आणि मधली जागा तिनं मुद्दाम सोडलेली.

"त्याला सांगा, कोपर आवर म्हणावं," थोरला त्या गृहस्थाला म्हणायचा.

"त्याला सांगा, कोपर माझं आहे. वाटणीतलं नाही."

तासाभरानं तो बिचारा डोळ्यांवर पट्टी ओढून मेल्यागत पडला.

भांडण होतं कात्रीचं. बाप गेला आणि सहा महिन्यांत दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. मशिनी दोन होत्या, एकेक घेतली. इस्त्र्या दोन, त्याही एकेक. कात्री मात्र एकच. बापाची बारा इंची कात्री, नुसती टेबलावर ठेवली तरी कापडानं अंग चोरावं अशी. तिच्यापायी दोघं एकमेकांच्या गळ्याला गेले तेव्हा दोघांहून मोठी असलेली ताई, जी परदेशातून आली होती, तिनं कात्री उचलली आणि आपल्या बॅगेत टाकली. "दोघांनाही नाही. बसा आता दातांनी कापत."

त्याला सहा वर्षं झाली.

मधल्या काळात बापाकडून दोघांना अगदी सारखी वाटून मिळालेली एक वस्तू वर आली, ती म्हणजे रक्तातली साखर. डॉक्टरनं सांगितलं, पळा. मग पहाटे थोरला पाण्याच्या टाकीकडं पळायचा आणि धाकटा पुलाकडं. परतताना समोरासमोर आले की थोरला थुंकायचा, धाकटा नाक शिंकरायचा. भावाभावांचं बोलणंचालणं काय ते एवढंच.

मग ताईचा फोन आला. "आमच्या गावात शर्यत आहे. एकवीस किलोमीटर. दोघं या. ज्याला वेळ कमी लागेल त्यानं कात्री न्यायची, दुसऱ्यानं परत तिचं नाव काढायचं नाही. तुमच्या किरकिरीनं माझे कान किटलेत."

थोरल्यानं त्याच दिवशी पासपोर्टचा फोटो काढला. फोटोतसुद्धा तो रागावलेलाच होता.

ताईच्या घरी पोचल्यावर तिनं कात्री कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. तेल लावलेली होती. दोघांनी हात पुढं केला आणि तिनं दोघांच्याही हातावर चापट मारली.

"आधी पळा."

शर्यतीच्या आदल्या दुपारी ती दोघांचे नंबर घेऊन आली. छातीवर लावायचा कागद, त्याच्या मागं चपटी पट्टी. "ह्या पट्टीत चिप आहे. सुरुवातीला आणि शेवटाला चटई असते, तिच्यावरून गेलात की तुमची वेळ लागते. आणि दोघांना वेगळ्या तुकडीत टाकलंय, दहा मिनिटांच्या अंतरानं. एका रेषेवर उभं केलं तर तिथंच मुडदा पडायचा." बरोबर चार-चार पिना दिल्या.

पिना बघून थोरल्याच्या कपाळावर आठी आली. कापडाला भोकं पाडायची आणि वर लोंबकळत सोडायचं, हे काय शिंप्याचं काम? त्यानं पिना केराच्या डब्यात टाकल्या, सुईत दोरा ओवला आणि नंबर बनियनवर बारीक टाक्यानं शिवून टाकला. पण शिवल्यावर कडेला जराशी चुणी राहिली. बाप म्हणायचा, इस्त्री फिरल्याशिवाय कापड उंबरा ओलांडणार नाही. थोरल्यानं ताईची इस्त्री तापवली, ओलं फडकं टाकलं आणि नंबर उलटा करून असा दाबला की ज्याचं नाव ते. मग अंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा इस्त्रीचं तोंड दुसरीकडं होतं. त्याच्या ध्यानात आलं, पण मनावर घेतलं नाही.

सकाळी पळायला ही गर्दी. थोरला आधीच्या तुकडीत होता. पहिले आठ किलोमीटर त्यानं नुसत्या रागावर काढले. रागाची ताकद काही वेगळीच असते, भाकरी लागत नाही. पण दहाव्याला राग संपला आणि गुडघे उरले. रस्ता परत फिरत होता तिथं समोरून धाकटा आला. तोंड पार लाल. थोरला सवयीनं थुंकला. धाकट्यानं सवयीनं नाक शिंकरलं. आणि त्या क्षणात थोरल्याला धाकट्याच्या छातीवरचा नंबर दिसला. पिना नव्हत्या. बारीक टाका, बापाचाच.

"पिना कुठं टाकल्या रे तुझ्या?" तो पुटपुटला आणि आणखी चिडून पळाला.

शेवटची रेषा ओलांडली तेव्हा मनगटावरच्या घड्याळात दोन तास सात मिनिटं झाली होती. तो रस्त्याकडेला बसून कुत्र्यासारखा धापा टाकत राहिला. काही वेळानं धाकटा आला आणि त्याच्याकडं पाठ करून बसला.

ताई मोबाईलवर थोरल्याचा नंबर शोधत होती. "तुझा नाहीच इथं."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे तू पळालाच नाहीस म्हणतायत."

धाकटा खो-खो हसला. बरगड्या दुखत असताना हसला.

ताई थोरल्याला धरून वेळेच्या टेबलावर घेऊन गेली. तिथल्या बाईनं नंबर बनियनसकट पुढं ओढला, मागून बोटानं चाचपला आणि ताईला काहीतरी विचारलं.

"विचारतेय, याला चटका बसला का कशाचा?"

थोरल्यानं नंबरावरून इस्त्री फिरवल्यागत तळहात फिरवला.

"तू इस्त्री केलीस? चिपवर?"

"मग चुरगळलेला घालून आलो असतो परक्या देशात?"

"अडाणी तो अडाणीच!" धाकटा मागून ओरडला. "आण ताई, कात्री माझी. माझी वेळ बघ."

ताईनं बघितलं. परत बघितलं. मग मान वर करून धाकट्याकडं अशी बघत राहिली की त्याचं हसू हळूहळू वितळलं.

"तूसुद्धा?"

"ह्याची इस्त्री गरमच होती," धाकटा म्हणाला. "वीज वाया कशाला घालवायची?"

"माझं घड्याळ आहे ना," थोरला तीन मिनिटं गिळून म्हणाला. "दोन तास चार मिनिटं."

"माझी दोन तास तीन."

"खोटारडा!"

"तुझ्याकडनंच शिकलो!"

लोक बघायला लागले. ताईनं दोघांची बखोटी धरली आणि दोघांना घरापर्यंत ओढत आणलं. घरी आली ती सरळ दाजींकडं. दाजी म्हणजे तिचा नवरा, सगळ्यात शहाणा, कारण तो कधी बोलत नसे. "पेचकस द्या." दाजींनी दिला.

तिनं कात्रीचा स्क्रू काढला. बापाची कात्री टेबलावर दोन तुकडे होऊन पडली. 

"घ्या. एकेक."

 मग दोघांचे हात एकदमच मोठ्या भोकाच्या, चार बोटं मावणाऱ्या पात्यावर पडले.

"मी थोरला."

"मला चार बोटं आहेत, अंगठा नुसता नाही!"

शेवटी दाजींनी नाणं उडवलं. मोठ्या भोकाचं थोरल्याला, अंगठ्याचं धाकट्याला. स्क्रू ताईनं मुठीत ठेवला. "हा माझ्याकडं. दोघं मिळून मागाल त्या दिवशी देईन."

"वाट बघ," थोरला म्हणाला. "वाट बघ," धाकटाही म्हणाला, आणि आपण त्याच्यासारखंच बोललो म्हणून थोरल्याला पुन्हा संताप आला.

येताना विमानात मधली जागा रिकामीच होती. कुणी कुणाशी बोललं नाही. निरोप पोचवायलाच माणूस नव्हता.

दुकान उघडलं त्या सकाळी थोरल्यानं एक लांब खिळा घेतला आणि प्लायवूडमध्ये डोळ्यांच्या उंचीवर ठोकला. एकट्या पात्यानं कापड काही कापलं जात नाही. निदान समोर तरी राहील.

"ए!" पलीकडून आवाज आला. "खिळा इकडं बाहेर आलाय."

सहा वर्षांत मधे दुसरं माणूस न घेता दुकानात झालेलं पहिलं बोलणं हे.

"मग वाकव."

"मी का वाकू? खिळा तुझा, तू वाक."

 थोरल्यानं पातं खिळ्याला अडकवलं आणि मशिनीवर बसला. जरा वेळानं खिळा हलला. पलीकडच्या टोकाला पात्याएवढं जड काहीतरी अडकलं, लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला, आणि त्याचं पातं वीतभर डुलून थांबलं.

"तुझ्या वजनानं माझं वाकडं झालं," थोरला ओरडला.

"मग काढ तुझं!"

"तू काढ!"

कुणीच काढलं नाही.