सहाशे बारा नावांची फाइल

मी वेंकटरमणरावांच्या फोनमधली पत्त्यांची फाइल बोलतेय. तंजावूर आणि आसपासच्या मराठी घरांतली सहाशे बारा माणसं माझ्या पोटात आहेत. पंधरा वर्षं रावांनी एकेक नाव भरलं, कुणाचं तमिळ लिपीत, कुणाचं इंग्रजीत. वर शेरेही: 'राजम, ओरत्तनाडु. कमी ऐकू येतं.' असं सगळं ठाऊक असलं की अनोळखी बोटाची भीती वाटते.

यंदा तिरुवैयारूचे एकोजीराव, रावांचे शाळेपासूनचे मित्र, आपल्या घरांची पुस्तिका काढायला निघाले. यादी रकान्यांत हवी म्हणाले. माझ्यात तर माणसं एकाखाली एक, चिठ्ठ्यांसारखी. जन्मतारखाही मागितल्या, तेव्हा मी चपापले.

रावांची मुलगी नित्या कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिला एक फुकट वेबसाइट सापडली. फाइल टाकायची, एक्सेल घ्यायचं. पण तिचं बोट थबकलं.

"अप्पा, हे लोक फुकट कशास करून देतात?"

"प्रत्येकावर संशय घेऊन कसं चालेल?" राव म्हणाले.

नित्यानं मला बाजूला ठेवलं. आपल्या जुन्या नंबरावर 'अंबा' असं खोटं नाव घालून एकाच माणसाची फाइल केली, वेबसाइटवरून बदलून घेतली आणि नमुना म्हणून एकोजीरावांना पाठवली. चौथ्या दिवशी त्या नंबरावर फोन आला. अंबा अम्मांची पॉलिसी बंद पडतेय, जन्मतारीख सांगा.

जन्मतारखा कुणी मागितल्या होत्या ते रावांना आठवलं. त्या आठवड्यात एकोजीरावांचे तीन फोन त्यांनी उचलले नाहीत. खरं सांगते, मलाही ते बरंच वाटलं.

नित्याला मात्र राहवेना. तिनं त्याच नंबरावर 'वासुकी' नाव घातलं आणि ती फाइल फक्त वेबसाइटवर टाकली. एकोजीरावांना काहीच पाठवलं नाही. तीन दिवसांत फोन आला, "वासुकी अम्मा आहेत का?" म्हणजे नाव फुटलं ते वेबसाइटवरूनच.

दुसऱ्याच सकाळी राव बसनं तिरुवैयारूला गेले. फोन खिशात, म्हणून मीही. त्यांनी आपला संशय काही न लपवता सांगितला. एकोजीरावांनी ओसरीवर सगळं ऐकून घेतलं.

"संशय आला, हरकत नाही," ते म्हणाले. "मला विचारलं का नाहीस?"

राव पुढच्या बसनं परतले.

मग नित्यानं नेट बंद करून घरच्याच कॉम्प्युटरवर मला रकान्यांत मांडलं. पहिल्या खेपेला तमिळ नावांची प्रश्नचिन्हं झाली, नंबरांची शेपटं शून्यांनी भरली. तिनं चिकाटीनं सगळं नीट केलं. जन्मतारखांचा रकाना ठेवलाच नाही.

यादी देण्याआधी रावांनी एकेकाला फोन लावला: तुमचा नंबर छापू का? कित्येकांशी ते बऱ्याच वर्षांनी बोलले. राजमबाईंशी तर ओरडून. एकेचाळीस जण नको म्हणाले. त्या ओळी पुसल्या.

शेवटी एकोजीरावांना फोन लागला.

"पुस्तिका काढतो मी," ते शांतपणे म्हणाले. "पण माझा नंबर नको घालूस."

आता माझ्यात पाचशे सत्तर ओळी आहेत. तुमच्या फोनातही माझी एखादी बहीण असेलच. तिला कुणाच्या हाती देण्याआधी तिच्यातल्या माणसांना विचारा. आणि मित्राचा संशय आलाच, तर आधी त्यालाच विचारा.