नावाड्याचा आवाज

“तुमची हरकत नक्की कशात बसवू?” देखरेख कार्यालयातल्या अधिकारीबाईंनी विचारलं. “बाजारातली स्पर्धा, खेळणाऱ्यांची खासगी माहिती, की देशाची सुरक्षा?”

“कशातच नाही बसत, मॅडम. मला फक्त माझ्या बाबांच्या आवाजाची प्रत हवीये.”

व्हिडिओ गेमच्या स्टुडिओत तिला सगळे आवाजवाली म्हणत. खेळातली पावलं, दारं, वारा, सगळं तीच रेकॉर्ड करी. नट मिळेपर्यंत घरच्या कुणाचा तरी आवाज वापरून भागवायची तिथली पद्धत. नावाड्याची वाक्यं तिने बाबांकडून बोलून घेतली आणि ती सगळ्यांना इतकी आवडली, की नट आलाच नाही. खेळात मोजकी वाक्यं गेली. मूळ रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्यांची मधली बडबड होती, खोकत खोकत हसणं होतं. ‘नेऊ कधीतरी घरी’ म्हणता म्हणता बाबा गेले. मग परदेशी कंपनी स्टुडिओ विकत घ्यायला निघाली, त्या व्यवहाराची सरकारी चौकशी लागली आणि ती संपेपर्यंत स्टुडिओतलं काहीही बाहेर न्यायला बंदी आली.

“निकालानंतर नव्या मालकांना विचारा,” बाई म्हणाल्या.

“यात कसलं आलंय गुपित? एक म्हातारा ‘माइक चालू आहे का गं’ विचारतोय, बस्स!”

बाईंनी चष्मा पुसला. “कळतंय हो. पण एकाला सूट दिली की रांग लागते.”

चौकशी रखडत रखडत संपली. व्यवहाराला मंजुरी मिळाल्याचं कळताच ती धावत स्टुडिओत गेली. यंत्रं सांभाळणारा मान वर करेना.

“नव्या मालकांनी आल्या आल्या साफसफाई केली. ‘तात्पुरते’ नावाचं होतं ते सगळं उडवलं.”

“परत आणता येईल ना?”

“नाही गं. पण तू तरी असलं नाव कशाला दिलंस?”

नट येणार होता म्हणून तिने ते दिलं होतं.

घरी पोचते तोच आईने विचारलं, “आणलंस का?”

तिने टीव्हीला खेळ जोडला, पात्राला चालवत नदीकाठी आणलं. धुक्यात होडी डुलत होती.

“या, बसा. पाणी कुठं पळून जातंय?” बाबा म्हणाले.

बटण दाबलं की पात्र होडीत चढणार, पैलतीर येणार, नावाडी गप्प होणार. काठावर थांबलं, तर तो पुन्हा पुन्हा बोलावत राही.

आईने पदराने हात पुसले आणि तिच्याजवळ टेकली.

“चढू नकोस गं इतक्यात,” ती म्हणाली.