पोरीच्या नावाची गोळी

छावणीत कुणाला नाही म्हणायची रीत नव्हती. दुष्काळात दूध संस्थेनं कडा गावाच्या अलीकडं माळावर जनावरांची छावणी उघडली, आणि जनावरांपाठोपाठ माणसंही पालं ठोकून तिथंच राहिली. एकीचं मीठ, दुसरीची चहापत्ती, तिसऱ्याचं म्हशीच्या कासेला लावायचं मलम. ते मलम माणसांच्या गुडघ्यांनाही लागायचं, म्हैस काही तक्रार करायची नाही. ऊसतोडीच्या टोळीतही हेच, अंगदुखीच्या गोळ्यांचं पाकीट एकाचं आणि गोळी सगळ्यांची. केशर अशाच टोळ्यांतून लहानाची मोठी झाली होती. म्हणून परवा धाकट्या भावानं, शहादेवनं, हात पुढं केला तेव्हा तिच्या तोंडातून नकार निघालाच नाही.

आता भर दुपारी ती पालात गुडघ्यांवर बसून मुक्ताच्या गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघत होती. सकाळी पोरीला दिलेल्या गोळीच्या पुढच्या तीन गोळ्या जागेवर नव्हत्या. नुसती फाटलेली चांदी.

"मुक्ते, तू खाल्ल्या का गं ह्या?"

"न्हाई. मामा आलता. तू चाऱ्याच्या रांगेत गेलतीस ना, तवा. पाणी पिला, पिशवीत हात घातला अन् गेला."

केशरनं पाकीट कमरेच्या पिशवीत खोचलं.

मुक्ता दहा वर्षांची. पायाला भिंगरी म्हणतात ती हिच्या सगळ्या अंगाला होती. वर्गात बूड टेकायचं नाही, पाटीवरचं अर्धं लिहून दारात, तोंडातला घास अर्धा ठेवून रस्त्यावर. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, म्हणून नारायणगडाला नारळ झाला. नारळ फुटला, पोरगी होती तशीच. गेल्या हंगामात चालत्या ट्रॉलीखाली गेलेला चेंडू आणायला ती वाकली, आणि शेजारच्या छबुबाईनं वेणी धरून मागं ओढली म्हणून आज होती. त्यानंतर मास्तरांनीच बीडच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं.

बाईंनी घाई केली नाही. शाळेतून माहिती मागवली, वजन केलं, दाब मोजला, घरात कुणाला काळजाचा आजार आहे का, कुणी तरणंताठं माणूस अचानक गेलंय का, असं खोदून खोदून विचारलं. मग लहान गोळीपासून सुरुवात. सकाळी खाऊन झाल्यावर एक. राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. भूक कमी होईल, झोप उडेल, त्यावर डोळा ठेवा, दर महिन्याला आणून दाखवा. हे सगळं केशर पोथीसारखं पाळत होती. शेवटचं मात्र तिनं ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. गोळी कुलपात ठेवा, तिच्याशिवाय कुणालाही देऊ नका, तिला औषध ते दुसऱ्याला विष. कुलूप लावायला आधी दार लागतं, आणि पालाला दार नसतं, अशी तिनं आपली समजूत घातली होती.

आणि गोळीनं काम केलं होतं, ते कुणी नाकारत नव्हतं. पोरीनं परवा आख्खा धडा वाचून दाखवला. वाचताना मध्येच थांबून स्वतःच हसली, की आपण अजून इथंच बसलोय म्हणून. केशरला रडू आलं होतं.

फक्त तिचे सासरे, बबनराव, ज्यांना सगळी छावणी आप्पा म्हणायची, त्यांना हे पसंत नव्हतं. संस्थेच्या वतीनं चारा-पेंडीचा कारभार तेच बघत, आणि घरातही त्यांचाच शब्द चाले, कारण केशरचा नवरा पंडित पुण्याकडं बांधकामावर गेलेला. आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "नशेची गोळी हाय ती. कायबी वंगाळ झालं की पयली चुलीत घालीन. अन् पोरगी टोळीसंगं जाईल, शाळा बास."

शहादेव छावणीला पाण्याचा टँकर आणायचा. धरणावर रांग, खेपांवर खेपा, डोळ्याला डोळा नाही. त्याला दाबाचा आजार होता आणि त्याची गोळी तो आठवेल तेव्हा घ्यायचा. पण माणूस सचोटीचा. टँकरच्या तोटीला कुलूप असतं, ते वाटेत कुणी हात जोडले तरी त्यानं कधी उघडलं नाही. ज्या गावाच्या नावाचं पाणी, त्याच गावात सांडायचं. परवा तो म्हणाला, "आक्का, पोरगी त्या गोळीनं कशी हुशार बसती. मला एक दे, स्टेअरिंगवर डुलकी लागती." केशरनं दिली. एका गोळीनं काय होतंय, हा विचारही तिनं केला नव्हता.

टँकर आला तो हॉर्नवर हात दाबूनच. हंडे घेऊन उभ्या बाया पांगल्या. गाडी वळणावर आवरली नाही, धुळीतून तशीच पुढं आली आणि जनावरांच्या हौदाचा कोपरा तोडून थांबली. हौदापलीकडं पोरं खेळत होती. केशरनं आधी मुक्ता शोधली, मग बाकीची पोरं, आणि मग भावाकडं धावली.

शहादेव खाली उतरला. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, डोळे वटारलेले, हात थरथर कापत होते. बोलणं थांबत नव्हतं. "कायबी झालं न्हाई, ब्रेकच जरा, आजून दोन खेपा मारतो, बघा तुमी, झोप न्हाई का काय न्हाई." बोलता बोलता त्यानं छातीवर हात दाबला आणि चाकाला टेकून खाली बसला.

संस्थेच्या जीपमध्ये आप्पा पुढं बसले. मागं केशरच्या मांडीवर शहादेवचं डोकं. त्याचं काळीज तिच्या हाताला लागत होतं, पळणाऱ्या वासरासारखं. त्यानं तिचा पदर ओढून तोंड कानाशी नेलं.

"आक्का, तोंड उघडू नको. आप्पा गोळ्या जाळंल. पोरीचं वाटुळं व्हईल."

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. दाब मोजला आणि पुन्हा मोजला. छातीला तारा लावून कागद काढला, तो बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय घेतलं? फवारणीचं काही पोटात गेलंय का? खरं सांगा."

"नुसता चहा," शहादेव म्हणाला.

"पाव्हणं, काय ते सांगून टाका की," आप्पा ओरडले. त्यांचाही आवाज फाटला होता.

"चहाच पिलो."

"काय पोटात गेलंय ते कळल्याशिवाय मी अंदाजानं कशावर औषध देऊ?" डॉक्टर म्हणाले. "चुकीचं दिलं तर हातातून जाईल माणूस." त्यांनी नर्सला विषाची केस म्हणून तयारी करायला सांगितलं.

केशरच्या कमरेच्या पिशवीत पाकीट होतं. बोटांना त्याची फाटलेली चांदी टोचत होती. एका बाजूला भाऊ, एका बाजूला पोरगी. दार लोटून बाहेर जावं, कुणीतरी दुसऱ्यानंच हे सांगावं, असं तिला वाटलं. दुसरं कुणी नव्हतं. शहादेव खाटेवरून तिच्याकडं बघून मान हलवत होता, नको, नको.

तिनं पाकीट काढून डॉक्टरांच्या हातात दिलं.

"हे खाल्लंय त्यानं. तीन गोळ्या, दुपारी. दाबाचा आजार हाय त्याला. माझ्या पोरीच्या गोळ्या हायेत ह्या. परवा एक मीच दिलती."

आप्पा गर्रकन वळले. डॉक्टर मात्र रागावले नाहीत, त्यांनी नाव वाचलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरं झालं बोललात. आता मला रस्ता दिसतोय." मग इंजेक्शन, सलाइन, पुन्हा कागद, पुन्हा दाब. उन्हं कलली तेव्हा शहादेवचं थरथरणं थांबलं.

तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "दुसऱ्या गावाचं पाणी मी घोटभर कुणाला दिलं न्हाई आक्का. अन् पोरीच्या नावाची गोळी खाऊन बसलो."

बाहेर ओसरीवर आप्पांनी पाकीट केशरच्या हातातून काढून घेतलं. "मी सांगत नव्हतो? आज ते पाव्हणं वाचलं. उद्या पोरं चाकाखाली जातील. हे आता चुलीतच."

केशर सासऱ्यापुढं कधी मान वर करून बोलली नव्हती. आज पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सावरलाही नाही.

"आप्पा, छावणीतली पेंड उद्या एखाद्या माणसानं खाल्ली अन् त्याचं पोट बिघडलं, तर तुमी म्हशींची पेंड बंद करताल का?"

आप्पा पाकीट खिशात टाकून जीपकडं चालू लागले. "सकाळी बघू," एवढंच म्हणाले.

सकाळी चुलीपुढं केशर भाकरी थापत होती आणि तिचं सगळं लक्ष आप्पांच्या पालाकडं होतं. चूल पेटलेली होती, हात लांब केला की काम संपलं असतं. आप्पा आले. काखेत संस्थेची लोखंडी पेटी, जिच्यात चाऱ्याच्या पावत्या राहत. पावत्या त्यांनी गाठोड्यात बांधल्या होत्या. पेटीत पाकीट ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली केशरपुढं टाकली. "तुझ्या गळ्यात बांध. अन् सोमवारी बीडला जाऊन डॉक्टरीणबाईला समदं सांग, गोळ्या कमी का झाल्या ते. मीबी येतो."

केशरनं पेटी उघडून आजची गोळी काढली, पुन्हा कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या पोतीत ओवली.

मुक्तानं भाकरी खाल्ली, पण गोळी पुढं केल्यावर ओठ घट्ट मिटले.

"खा की गं."

"न्हाई. मामासारखं माझं काळीज पळालं तर?"

"ही तुझ्या मापाची हाय. बाईंनी तुझं वजन, तुझा दाब बघून दिलीय. तरीबी धडधडलं, पोटात दुखलं, कायबी झालं, तर मला लगीच सांगायचं. लपवायचं न्हाई."

पोरगी गोळीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा माझ्या गोळीमुळं पडला ना? माझ्यामुळं?"

आजूबाजूला पाण्याला निघालेल्या बाया थबकल्या होत्या. छबुबाई तर हंडा खाली ठेवून उभी होती. केशरला त्या सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, पण पोरगी वाट बघत होती.

"न्हाई बाळा. गोळीमुळं न्हाई, तुझ्यामुळं न्हाई. माझ्यामुळं. मी तुझी वस्तू दुसऱ्याला दिली."

मुक्तानं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याली आणि जीभ काढून दाखवली. दप्तर उचलून दोन पावलं गेली आणि परत आली.

"अन् आई, मला कुणी मागितली तर?"

"काय म्हणशील?"

मुक्तानं आईकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. छावणीत मागणाऱ्याला हा शब्द म्हटलेला तिनं कधी ऐकला नव्हता. "न्हाई," ती पुटपुटली.

"मोठ्यानं म्हण."

"न्हाई!" पोरगी अशी ओरडली की दावणीच्या म्हशींनी माना वळवल्या.